ज्ञा, आणि बंद पडलेले फोन

२०१८च्या फेब्रुवारीत आयफोनवाल्यांमध्ये एक अक्षर फिरत होतं. लोक ते एकमेकांना पाठवत होते आणि ज्याला पोचेल त्याचं मेसेजचं ॲप बंद पडत होतं. पुन्हा उघडावं तर पुन्हा बंद. तेच अक्षर नोटिफिकेशनमध्ये आलं तर आख्खी होमस्क्रीन कोसळायची, आणि काही फोन तर चालू होऊन परत बंद पडायच्या फेऱ्यातच अडकायचे. व्हॉट्सॲप, फेसबुक मेसेंजर, जीमेल, सगळीकडे तोच प्रकार. इंग्रजी बातम्यांत ते ‘तेलुगू कॅरेक्टर’ म्हणून छापलं गेलं. त्याचा उच्चार मात्र तुमच्या-माझ्या चांगलाच ओळखीचा: ज्ञा. ज्ञानेश्वरांमधला.

(तेलुगूतलं ते अक्षर इथे मुद्दाम देत नाही. कुणाच्या घरच्या खणात तेव्हाचा फोन अजून असतो.)

‘ज्ञ’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं. बाराखडीच्या तक्त्यात त्याला स्वतःचा चौकोन असतो आणि त्यासमोर बहुधा एखादे ज्ञानेश्वर. फोनला ते तसं दिसत नाही. फोनच्या लेखी तो एका रांगेत आलेला ऐवज आहे: आधी ज, मग हलन्त, मग ञ, मग काना. ही रांग बघून त्यातून एक आकृती जुळवायची, हे काम फोनमधला अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम करतो. इंग्रजीत एका खुणेला साधारण एक आकृती. आपल्याकडे चार खुणांची एक आकृती होते, ‘कि’मधली वेलांटी नंतर टाइप होऊन आधी बसते, आणि ‘र्क’मधला र तर उडी मारून डोक्यावर जातो. त्या फेब्रुवारीतल्या ज्ञा मध्ये आणखी एक गोष्ट होती. ञ आणि काना यांच्यामध्ये एक न दिसणारी खूण बसलेली होती. शून्य रुंदीची. ‘इथे जोडू नका’ एवढंच सांगणारी.

मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी त्या आठवड्यात या प्रकाराची चिरफाड करणारा एक लेख आपल्या ब्लॉगवर लिहिला. त्यांनी दाखवलं की भानगड एका अक्षराची नाही, एका साच्याची आहे: व्यंजन, हलन्त, विशिष्ट प्रकारे खाली किंवा मागे चिकटणारं दुसरं व्यंजन, ती अदृश्य खूण आणि मग स्वर. हा साचा तेलुगूत बसतो, बंगालीत बसतो आणि देवनागरीतही बसतो. देवनागरीत दुसरं व्यंजन ‘र’ असलं की झालं. म्हणजे प्र, क्र, ग्र, यांतलं काहीही घ्या, मध्ये ती खूण घाला, वर मात्रा द्या, आयफोन पडला. तेलुगूचं नाव झालं कारण तेलुगू ज्ञा आधी सापडलं. मराठी माणसाच्या हातून असला साचा सहसा टाइप होत नाही, एवढंच आपलं नशीब.

ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ला आयओएस ११.२.६ काढून हे दुरुस्त केलं. पण गंमत अशी की ११.३ची बेटा आवृत्ती जानेवारीच्या अखेरीपासूनच बाहेर होती, आणि तिच्यावर या अक्षराचा काही परिणाम होत नव्हता. कच्चं सॉफ्टवेअर उतावीळपणे फोनमध्ये घालणारे लोक ज्ञा वाचून निर्धास्त होते. ‘जरा थांबू, पक्कं येऊ दे’ म्हणणाऱ्यांचे फोन पडत होते.

अपडेटमधल्या गोंधळांच्या गोष्टी एरवी वेगळ्या सांगितल्या जातात. नवी आवृत्ती आली, बटण हललं, आयकॉन चपटे झाले, बॅटरी लवकर उतरायला लागली, लोक चिडले. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या ज्यांची लिपी पहिल्या दिवसापासून फोनवर सुखाने नांदत होती त्यांच्या. आपली गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि तिचा विषय बटणं नाही, अक्षरं आहेत.

२०१०-११ साली स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेतला की त्यात बहुधा २.२ किंवा २.३ असायचं. त्यावर मराठी बातमीचं पान उघडलं की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. फॉन्टच नव्हता. भारतात विकायच्या फोनांत काही कंपन्या आपापला फॉन्ट घालत, पण नुसता फॉन्ट असून भागत नाही, अक्षरजुळणीही लागते. ती नसली की ‘क्रिकेट’मधला क वेगळा, त्याचा पाय मोडलेला, मग र, आणि वेलांटी भलत्याच जागी. वाचता यायचं, पण पहिलीतल्या मुलासारखं एकेक खूण लावत.

यावरचा त्या काळातला सगळ्यात पसरलेला इलाज म्हणजे ओपेरा मिनी. त्याच्या ॲड्रेसच्या जागी एक सेटिंगचं पान उघडायचा पत्ता टाकायचा, खाली जायचं, आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा’ या ओळीपुढे ‘यस’ करायचं. मग ओपेराचा सर्व्हर आपली अक्षरं त्याच्याकडेच जुळवायचा आणि त्यांची चित्रं करून पाठवायचा. म्हणजे आपण मराठी वाचत नव्हतो, मराठीचे फोटो पाहत होतो. डेटा जास्त जायचा. शब्द कॉपी करता यायचा नाही. तरी ही एक ओळ मित्रामित्रांत तोंडी पसरली होती आणि ती माहीत असणारा माणूस आपोआप गल्लीतला फोनतज्ज्ञ ठरायचा. त्याहून धीट लोक फोन रूट करून देवनागरी फॉन्ट आत कोंबायचे. वॉरंटी गेली तरी चालेल, पण अक्षर दिसलं पाहिजे. नवं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या आधी वापरून बघणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर हे लोक त्यात यायला हवेत. त्यांना नवा इंटरफेस नको होता, पेपर वाचायचा होता.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड ४.० जाहीर झालं आणि त्यात देवनागरी दाखवायची सोय मुळातच आली. तिच्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांचं लक्ष नव्या निळसर रूपाकडे होतं. आपल्यासाठी बातमी वेगळी होती: अपडेट मिळालं तर वाचता येणार. आणि अपडेट मिळत नव्हतं. गूगल आवृत्ती काढतं, ती फोनच्या कंपनीने आपल्या फोनला बसवायची असते, आणि पाच-सहा हजारांच्या फोनसाठी तेवढे कष्ट घेण्यात कंपनीला काही मिळत नव्हतं. ज्याने २.३चा फोन घेतला तो फोन मोडेपर्यंत २.३वरच राहिला. इथे सावधपणा किंवा उतावीळपणा, यांतलं काही निवडायची सोयच नव्हती.

हे दुखणं गूगललाही कळलं असावं. १५ सप्टेंबर २०१४ला दिल्लीत अँड्रॉइड वनची घोषणा झाली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, आणि मुख्य वचन असं की अपडेट थेट गूगलकडून येतील. त्यासोबतची एक सवलत आज वाचताना मला सगळ्यात बोलकी वाटते: एअरटेलचं सिम असेल तर पहिले सहा महिने सॉफ्टवेअर अपडेट डाउनलोड करायला पैसे पडणार नाहीत. जिओ यायला अजून दोन वर्षं होती. अपडेट घ्यायचं की नाही हा प्रश्न तेव्हा रिचार्जचाही होता.

त्याच महिन्यात ॲपलकडे उलटा प्रकार घडला. २४ सप्टेंबर २०१४ला आयओएस ८.०.१ आलं आणि ज्यांनी ते नव्याकोऱ्या आयफोन ६ आणि ६ प्लसवर लगेच घेतलं त्यांचं नेटवर्क गेलं आणि बोटाचा ठसाही चालेना. साधारण तासाभरात ॲपलने ते मागे घेतलं. त्रास झालेल्या फोनांची संख्या ४०,००० पेक्षा कमी असल्याचं कंपनीने सांगितलं. भारतात हे फोन १७ ऑक्टोबरला विकायला आले, त्यामुळे हा फटका आपल्याकडे जवळजवळ कुणाला बसलाच नाही. उशिरा पोचण्याचा असाही फायदा.

पुढच्या वर्षी मात्र देवनागरी स्वतःच चर्चेत आली, आणि ज्या अक्षराने ती आली त्याचं नाव ऐकून हसू येईल. २०१५च्या मे महिन्यात एक मेसेज पसरला. त्यात इंग्रजी शब्द होते, अरबी अक्षरांची माळ होती, एक चिनी अक्षर होतं, आणि मध्ये चार वेळा दीर्घ ॡ ची मात्रा. ऱ्हस्व ऌ निदान क्लृप्तीत तरी भेटतो. दीर्घ ॡ मी मराठीत तक्त्याबाहेर कुठे पाहिलेला नाही. हा मेसेज लॉक असलेल्या आयफोनच्या वरच्या पट्टीत आला की फोन रीस्टार्ट व्हायचा. पट्टीत पूर्ण मजकूर मावत नाही, म्हणून फोन तो कुठेतरी तोडून पुढे टिंबं देतो. कुठे तोडायचं हे मोजताना, इतक्या लिप्या एका ओळीत पाहून, त्याचं गणित कोलमडत होतं. ॲपलने तात्पुरता उपाय सुचवला तो असा की सिरीला न वाचलेले मेसेज वाचायला सांगा आणि तिच्याकडूनच उत्तर पाठवा, मग ॲप उघडेल. पक्की दुरुस्ती ३० जूनला, आयओएस ८.४मध्ये आली. महिनाभर.

इंग्रजी वाचली असं नाही. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये, आयओएस ११.१वर, साधा इंग्रजी ‘आय’ टाइप केला की ऑटोकरेक्ट त्याच्या जागी एक मोठा ‘ए’ आणि चौकटीतलं प्रश्नचिन्ह टाकायचा. इंग्रजीत ‘मी’ म्हणायची सोय गेली, म्हणजे ओरड किती झाली असेल! ९ नोव्हेंबरला ११.१.१ आलं. तेलुगू ज्ञा ची दुरुस्तीही आठवड्याभरात आली होती, तेव्हा कंपनीने एकाला जवळ केलं आणि दुसऱ्याला लांब ठेवलं, असा आरोप या दोन तारखांवरून करता येत नाही. फरक आधीच्या टप्प्यात आहे. ‘आय’ चुकला हे बिघाड झालेल्या प्रत्येकाला त्याच मिनिटाला दिसतं. प्र आणि मात्रेच्या मधली अदृश्य खूण कुणीतरी मुद्दाम टाइप करून बघावी लागते, आणि ती टाइप करून बघणारा माणूस तपासणीच्या टेबलाशी बसलेला असावा लागतो.

बेटा नावाची गोष्ट त्यासाठीच आहे. ॲपलने आयफोनची बेटा आवृत्ती सामान्य लोकांना पहिल्यांदा दिली ती २०१५च्या मार्चमध्ये, आयओएस ८.३ची. गूगलने २०१६मध्ये अँड्रॉइड एनपासून निवडक फोनांना नाव नोंदवून बेटा घेता येईल असं केलं. तेव्हापासून लाखमोलाचं तपासणीचं काम लोक हौसेने फुकट करतात. माझ्या ओळखीतली बेटावाली मंडळी मात्र फोन इंग्रजीतच ठेवतात. त्यांना नवं ॲनिमेशन अडखळलेलं लगेच दिसतं. ‘वाऱ्यावर’मधला र नीट बसला का, हे त्यांच्या फोनवर कधी दिसतच नाही.

तो र बघाच एकदा. ‘सूर्य’मधला र डोक्यावर जातो, ‘वाऱ्या’मधला आडवा होऊन य ला चिकटतो. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, मराठी, कोकणी आणि नेपाळीला लागतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारी, शून्य रुंदीची खूण, ‘इथे जोडा’ असं सांगणारी. २०१८मध्ये आयफोन पाडणाऱ्या खुणेची ही सख्खी बहीण. आपण कीबोर्डवर ‘करणाऱ्या’ लिहितो तेव्हा यांतला कुठला प्रकार आत गेला हे डोळ्यांना कळत नाही. पण फॉन्ट किंवा जुळणी कच्ची असली की लगेच कळतं: ऱ, त्याचा पाय मोडलेला, आणि शेजारी सुटा य. शोधताना दुसरीच अडचण. एका प्रकाराने लिहिलेला ‘वाऱ्यावर’ दुसऱ्या प्रकाराने शोधला तर पुष्कळ ठिकाणी सापडत नाही.

२०२०च्या एप्रिलमध्ये पुन्हा एकदा आयफोन पडले, आयओएस १३.४.१वर. या वेळी मेसेजमध्ये इटलीच्या झेंड्याचा इमोजी होता आणि सोबत सिंधी अक्षरं. २०१५मध्ये अरबी आणि देवनागरी, २०१८मध्ये तेलुगू, आता सिंधी. दुरुस्ती पुढच्या बेटात आधीच पोचलेली होती. बाकीच्यांना ती २० मे रोजी, १३.५मध्ये मिळाली.