सडव्याचं बी

राजूर म्हटलं की वणी तालुक्यातल्या माणसाला कोळशाची खाण आठवते, नाहीतर चुन्याच्या भट्ट्या. मला तिसरी भट्टीही आठवते, मोहाची. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. लिहिलं की लिहिणारा पिणारा ठरतो. मी पीत नाही, तरी लिहितो.

माझ्या लहानपणी आमच्याकडे एक गोंड सालदार होता. त्याची माय, आम्ही तिला आजीच म्हणायचो, चैत्रात पहाटेच टोपलं घेऊन मोहाखाली जायची. मोहाचं फूल रात्री गळते, ऊन चढायच्या आत वेचावं लागते. वाळलं की मनुक्यासारखं दिसते आणि त्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते. लोक ते भाजून खात, भाकरीत घालत, बैलालाही चारत. दारू हा त्याचा एक उपयोग. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मयत, देवाचा मान, कशालाच ती चुकत नसे.

आजी वाळली फुलं मडक्यात भिजवायची. या भिजवणाला आमच्याकडे सडवा म्हणतात. एक दिवस मी विचारलं, "आजी, यात टाकलं काय?"

"काही नाही रे बापू. मागच्या सडव्यातलं वाटीभर राखलं होतं, तेच टाकलं. दह्याले इरजण लागते का नाही? तसंच."

पण कोणत्याही सडव्यातलं ती राखत नसे. मडक्याला कान लावायची. आतून बुडबुड एकसारखी आली पाहिजे. मग वास घ्यायची. आंबूस, शिरक्यासारखा वास आला तर तो सडवा उकिरड्यावर जायचा, त्यातला थेंब पुढच्या मडक्यात पडत नसे. थंडीत मडकं कुटारात पुरायची, उन्हाळ्यात कुडाच्या सावलीत ओलं पोतं गुंडाळून ठेवायची. थंडीत सडवा झोपतो आणि आमच्या पंचेचाळीस डिग्रीत मरतो, हे तिला ठाऊक होतं. ते मडकं ती राखेनं घासतही नसे. नुसतं रितं करून पालथं घालायची.

हे वाटीभर म्हणजे यीस्ट, हे मला पुस्तकातून पुढं कळलं. डोळ्यांना न दिसणारा जीव, साखर खातो आणि दारू न् वायू सोडतो. आंबवण हे जिवंत जिवांचं काम आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चरनं १८५७ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं. पुढं १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यात एमिल हान्सेन यांनी चांगलं यीस्ट वाईटातून वेगळं काढून एकट्या पेशीपासून वाढवलं. कारखान्यानं ते बी दुसऱ्या कारखान्यांनाही दिलं. आजी कानानं आणि नाकानं जे निवडत होती, तेच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली निवडलं.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय झालं? १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. किती फूल घरात ठेवायचं, हे सरकार सांगू लागलं. आपला वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होता. वणीचा हा मुलूख तेव्हा वून जिल्हा म्हणवला जायचा, १९०५ मध्ये त्याचं नाव यवतमाळ झालं. इथंही दारू ठेक्याची झाली आणि घरचं मडकं चोरीचं ठरलं. स्वातंत्र्यानंतर राज्य बदललं, मडक्याचं नशीब नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, घरी गाळणं अजून गुन्हाच आहे.

चोरीच्या कामाला घाई असते. १९७३ मध्ये कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. राजुरात परप्रांतातली माणसं होती, रोजचा पैसा होता, गिऱ्हाईक रोजचं झालं. आठ दिवसांचा सडवा तीन दिवसांत पाहिजे. मडक्याजागी डबकी आणि ड्रम आले, मोहाजागी सडका गूळ आला. लवकर चढावा म्हणून नवसागर आला, पुढं युरियाही. यात वाटीभर राखून ठेवायला सवड कोणाला? आणि राखण्यासारखं होतं काय?

माझा थोरला भाऊ ड्युटीवरून येताना तीच प्यायचा. अडतिसाव्या वर्षी लिव्हरनं गेला. वहिनीच्या पदरात दोन लेकरं.

त्यानंतर गावातल्या बाया उठल्या. मीही काठी घेऊन त्यांच्यासंग गेलो. नाल्याकाठचे ड्रम फोडले, त्याचं मला आजही समाधान आहे. पण आम्ही थांबलो नाही. कोणीतरी म्हणालं, "सालदाराच्या घरीही आहे." आजी दारात बसली होती. तेव्हा तिला नीट दिसतही नव्हतं. मडक्यावर काठी मारली ती मीच.

आजी रडली नाही. ओल्या मातीवर हात फिरवत म्हणाली, "दारू सांडली त्याचं काही नाही, बापू. बी सांडलं. माझ्या सासूचं होतं."

मी कास्तकार माणूस. बी सांडणं म्हणजे काय, हे मला कळायला पाहिजे होतं. आता दर मिरगाला कपाशीची पाकिटं विकत आणतो. घरचं बी ठेवायची रीत गेली. पाकीट फोडताना आजीचा हात आठवते. भाऊ मारला त्या दारूत तिचं बी नव्हतं. ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं, तरी काठी मारली.