देवगिरीचा दगड, लोणारचें विवर आणि चंद्रावरील खळगे

आमच्या संग्रहांत दोन काळे दगड आहेत. एक दौलताबादच्या गांवाबाहेरील बांधावरून उचललेला, दुसरा लोणारच्या सरोवराकांठून आणलेला. यांपैकीं कोणता कोठचा, हें आज आम्हांस सांगतां येत नाहीं; कारण आणतेवेळीं त्यांवर चिठ्ठी चिकटविण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं. ज्या वाचकांनीं जन्मभर पोथ्यांच्या पुष्पिका जपल्या, त्यांच्यापुढें हा अपराध कबूल करूनच प्रस्तुत विषयास आरंभ करणें उचित होय.

देवगिरीचा दुर्ग ज्या कड्यावर उभा आहे, तो बेसाल्ट नामक अग्निजन्य काळ्या पाषाणाचा आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थरांवर थर सांचून दख्खनचें पठार झालें. त्याच पठारावर, येथून पूर्वेस सुमारें १५० किलोमीटर अंतरावर, बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें वाटोळें विवर आहे. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर व खोली सुमारें १५० मीटर असून तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे.

या स्थळाविषयींचीं लिखित साधनें अल्प नाहींत. लीळाचरित्रांत चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याचा उल्लेख येतो. अबुल फजल यानें ऐन-इ-अकबरींत मेहकर सरकारच्या वर्णनांत लोणारचें माहात्म्य व तेथील क्षार यांची नोंद केली आहे. स्थानिक कथा अशी कीं, लवणासुर भूमीखालीं दडून बसला असतां विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें विवराचें झाकण उडविलें व त्या दैत्याचा वध केला. दैत्यसूदनाचें देवालय हें त्याचेंच स्मारक. उडालेलें झाकण म्हणजे कांहीं कोसांवरील एक टेकडी, असेंहि सांगतात. यावरून कित्येक उत्साही लेखक असें अनुमान काढतात कीं, येथील उल्कापात आपल्या पूर्वजांनीं डोळ्यांनीं पाहिला व कथारूपानें जतन केला. हें अनुमान मोहक आहे खरें. परंतु तें साधार आहे काय?

आमच्या शास्त्रग्रंथांस उल्का अपरिचित नव्हत्या. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत उल्कालक्षणाचा स्वतंत्र अध्याय असून धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं अशनि ही मोठा नाद करीत, भूतल विदारीत पडते, असें तो आचार्य म्हणतो. म्हणजे आकाशांतून पडणारी वस्तु भूमि फोडते, एवढें ज्ञान निःसंशय होतें. तथापि त्या अध्यायांत लोणारचें नांव नाहीं, आणि लवणासुराच्या कथेंत अशनीचें नांव नाहीं. दोन स्वतंत्र पोथ्यांचीं पानें एका वेष्टनांत बांधल्यानें त्यांचा एक ग्रंथ होत नाहीं.

इ. स. १८२३ मध्यें अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें लोणारचें वर्णन केलें. पुढें पुष्कळ काळपर्यंत हें विवर ज्वालामुखीचें मुख समजलें जात असे. सभोंवार सर्वत्र ज्वालामुखीचाच पाषाण असल्यामुळें तें स्वाभाविकहि होतें. दुर्बिणींतून दिसणाऱ्या चंद्रावरील खळग्यांविषयींहि दीर्घकाळ हेंच मत प्रबळ होतें. इ. स. १९७३ त फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बाळसुंदरम् यांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत लोणारसंबंधीं निबंध प्रसिद्ध केला. सरोवराच्या तळीं घेतलेल्या छिद्रांतून वर आलेल्या पाषाणांत मॅस्केलिनाइट नामक कांच सांपडली. खडकांतील स्फटिक न वितळतां केवळ प्रचंड आघातानें ही कांच बनते; इतका दाब कोणत्याहि ज्वालामुखींत उत्पन्न होत नाहीं. तात्पर्य, हें विवर आघाताचेंच, हा निर्णय झाला.

या निर्णयाचें महत्त्व चंद्रापर्यंत पोंचतें. अपोलो ११ च्या यात्रिकांनीं इ. स. १९६९ त आणलेल्या दगडांवरून चंद्रावरील काळे डाग बेसाल्टचेच आहेत हें सिद्ध झालें. पृथ्वीवर बेसाल्टमध्यें झालेलीं आघातविवरें फार थोडीं. त्यांत लोणार हें उत्तम टिकलेलें. म्हणून चंद्रावरील खळगा कसा घडला हें समजून घेण्यास अभ्यासक लोणारास येतात. चंद्रावर वारा नाहीं, पाऊस नाहीं. तेथील लेख अब्जावधि वर्षें टिकतो. आमच्या येथील लेख मात्र प्रत्येक पावसाळ्यांत थोडथोडा पुसला जातो.

आतां काळाचा प्रश्न. येथें दोन पाठ आहेत. कांचेंत सांठलेल्या ऊर्जेच्या मापनावरून वय सुमारें ५२ हजार वर्षें येतें. आर्गॉन वायूच्या मापनावरून साडेपांच ते साडेसहा लक्ष वर्षें येतें. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही अडचण नवी नाहीं. नकलकार कधीं मूळ प्रतीचाच शक आपल्या प्रतीवर उतरून ठेवतो. तद्वत् जुन्या लाव्हांतील आर्गॉन आघातानें पुरता निघून गेला नाहीं, तर वय वाजवीहून अधिक दिसतें. उलट मागाहूनच्या उष्णतेनें वा झिजेनें कांचेंतील सांठा उणावला, तर वय कमी दिसतें. आर्गॉनचें मापन करणाऱ्यांनीं वारसा आलेल्या वायूचा हिशेब मांडला आहे, म्हणून आमचा कल त्या पाठाकडे आहे. तो खरा असेल, तर आपल्यासारखा मनुष्यच त्या वेळीं पृथ्वीवर नव्हता. मग कथा जपणार कोण? ५२ हजार वर्षें धरलीं, तरी तितक्या काळाची स्मृति अखंड चालत आली, असें म्हणण्यास कांहीं आधार हवा. लवणासुराची कथा खाऱ्या पाण्याचा अर्थ लावते, आणि तेवढ्यापुरती ती सुंदर आहे. तिच्यावर साक्षीचा भार घालणें हा कथेवरहि अन्याय होय.

विवराभोंवतीं आघातानें उडालेल्या दगडांचा थर पसरला आहे. कोणता तुकडा किती अंतरावर, कोणत्या खोलींत पडला, यावरूनच आघाताचा जोर व दिशा वाचतां येते. तेथें जाणारा जो तो एकेक तुकडा खिशांत घालूं लागला, तर ग्रंथांतील पानें सुटींसुटीं विकण्यासारखें होईल. आमच्या दोन दगडांकडे पाहून आम्हांस हेंच वाटतें. ते दोन्ही खरे आहेत. परंतु ठिकाण हरपल्यामुळें साक्ष देण्यास दोन्ही मुके झाले आहेत. वाचकांनीं लोणार अवश्य पाहावें, टांचण करावें, आणि दगड जेथल्या तेथें राहूं द्यावे.