मेसोथेलिओमा: दाखल्यावरचे नाव आणि कोष्टकातली जागा

फुप्फुसांभोवती, तसेच उदर व हृदय यांभोवती, जे पातळ दुपदरी आवरण असते, त्यातून उद्भवणाऱ्या कर्करोगास मेसोथेलिओमा म्हणतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यानंतर तो बहुधा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर कारखान्याला टाळे लागलेले असते, कामगार गाव सोडून गेलेला असतो आणि हजेरीपट रद्दीत निघालेले असतात, त्यामुळे या रोगाचा माग काढू पाहणाऱ्याच्या हाती पुष्कळदा मृत्यूचा दाखला एवढाच कागद उरतो. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात त्या कागदावर या रोगाचे नाव क्वचितच येत असे, आणि आले तरी सांख्यिकी कचेरीच्या टेबलावर ते पुसले जाई.

मृत्यूच्या कारणांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आज प्रचारात आहे, तिचा पाया फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ झाक बर्तियों यांनी 1893 मध्ये घातला, आणि 1948 च्या सहाव्या आवृत्तीपासून तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. त्याच वेळी दाखल्याचा नमुनाही ठरला. पहिल्या भागात मृत्यूला थेट कारण झालेली अवस्था आणि तिच्याखाली क्रमाने तिच्या मागची कारणे लिहावयाची, दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार; त्यांतून ज्या आजारापासून ही साखळी सुरू झाली ते ‘मूळ कारण’ निवडून कारकुनाने त्यास संकेतांक द्यावयाचा. मात्र कर्करोगाची विभागणी मुख्यतः अवयवानुसार असल्यामुळे, गाठ कोणत्या पेशीपासून झाली यापेक्षा ती कुठे आढळली याला महत्त्व मिळाले.

शिवाय असा स्वतंत्र रोग आहे की नाही याविषयीच विकृतिशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. क्लेम्पेरर आणि राबिन यांनी 1931 मध्ये न्यूयॉर्कहून या आवरणाच्या प्राथमिक गाठींचे सविस्तर वर्णन केले होते, तरी रुपर्ट विलिस यांच्यासारखे मान्यवर तज्ज्ञ अशा बहुतेक गाठी दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या असतात असेच मानीत राहिले. या मताचा दाब असताना एखाद्या डॉक्टराने दाखल्यावर ‘फुप्फुसाचा कर्करोग’ लिहून मोकळे व्हावे, यात नवल नाही.

हे चित्र बदलले ते दक्षिण आफ्रिकेत. किंबर्लीच्या क्षय रुग्णालयातील डॉ. स्लेग्ज यांच्याकडे छातीत पाणी झालेले असे काही रुग्ण येत, जे क्षयाच्या औषधांना दाद देत नसत आणि ज्यांपैकी अनेक जण पश्चिमेकडील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे क्रोसिडोलाइटच्या, खाणींच्या पट्ट्यातले असत. विकृतिशास्त्रज्ञ वॅग्नर, स्लेग्ज आणि छातीचे शल्यचिकित्सक मार्चंड यांनी 1960 मध्ये 33 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक वगळता सर्वांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आला असण्याची शक्यता दिसून आली. यांतले कित्येक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, त्यांचे केवळ बालपण त्या परिसरात गेले होते. साहजिकच व्यवसायाच्या रकान्याने ही माहिती दिली नसती. जन्म कुठला आणि वास्तव्य कुठे होते, हे विचारावेच लागले. पुढे 1965 मध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधकांनी लंडनमधील 76 रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला, तेव्हा कारखान्यातून आलेले नवऱ्याचे कपडे धुणे हेही काही स्त्रियांच्या आजाराचे कारण ठरले.

कर्करोग अवयवानुसार विभागणाऱ्या कोष्टकाच्या उणिवेवर ब्रिटनने एक साधाच पण कुशल उपाय काढला. संकेतांकावर विसंबून न राहता, ज्या दाखल्यावर ‘मेसोथेलिओमा’ हा शब्द कुठेही आला असेल असा प्रत्येक दाखला वेगळा काढून त्यांची नोंदवही ठेवण्यात येऊ लागली. ही मोजणी 1968 च्या मृत्यूंपासून सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षी 153 मृत्यू भरले. पुढे हा आकडा वर्षाला अडीच हजारांच्या आसपास गेला. अमेरिकेत डॉ. सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या 17,800 कामगारांचा 1967 पासून दहा वर्षे पाठपुरावा करून दाखले, शवविच्छेदनाचे अहवाल आणि उतींचे नमुने शेजारी शेजारी ठेवले. त्या काळातील 2,271 मृत्यूंपैकी 175 मृत्यू फुप्फुसांच्या किंवा उदराच्या आवरणाच्या मेसोथेलिओमाने झाल्याचे निष्पन्न झाले; केवळ दाखल्यांवरून मोजले असता ते 49 च भरत होते.

एवढे होऊनही 1979 पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या नवव्या आवृत्तीत 163 हा संकेतांक फुप्फुसावरणाच्या सर्वच कर्करोगांना मिळून होता. गाठ आवरणाच्या बाहेरच्या पदरात आहे की आतल्या, यासाठी त्यात पोटविभाग होते. ती कोणत्या जातीची आहे, यासाठी एकही नव्हता. हा काटेकोरपणा चुकीच्या जागी खर्च झाला, असेच म्हणावे लागते. 1976 च्या कर्करोगविषयक स्वतंत्र वर्गवारीत पेशींच्या जातीनुसार 9050 पासूनचे अंक मेसोथेलिओमासाठी राखलेले होते, परंतु ती कर्करोग नोंदणी केंद्रांची भाषा होती, मृत्युनोंदणीची नव्हे. दहाव्या आवृत्तीत, म्हणजे 1994 पासून, मेसोथेलिओमाला सी45 हा वर्ग मिळाला: .0 फुप्फुसावरण, .1 उदरावरण, .2 हृदयावरण, .7 इतर ठिकाणे आणि .9 ठिकाण न नोंदलेले. ‘फुप्फुसावरणाचा कर्करोग’ एवढेच लिहिलेला दाखला मात्र सी38.4 मध्ये जातो आणि मोजणीतून निसटतो. अमेरिकेने मृत्युनोंदणीत ही आवृत्ती 1999 मध्ये स्वीकारली. 2015 अखेरपर्यंत तेथे या वर्गात 45,221 मृत्यू नोंदले गेले, आणि त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक .9 मध्ये पडले, कारण डॉक्टर ‘मेसोथेलिओमा’ लिहून थांबत होते.

भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी 1963 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, आणि तिचे कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी जाऊन केसपेपरवरून माहिती उतरवून घेऊ लागले. परंतु केसपेपरवर ‘नोकरी’ किंवा ‘निवृत्त’ एवढेच असेल, तर अचूक संकेतांकही कारखान्यापर्यंत पोहोचवू शकत नाही. त्यासाठी कारखान्याकडची नोंदच टिकायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश दिला.