लहान उपाहारगृहातील पगार, उचल आणि बख्शीस : चौसाळ्याच्या महामार्गावरील श्रमव्यवहाराचा ऐतिहासिक वेध

मराठवाड्याच्या श्रमेतिहासाचे लेखन प्रामुख्याने शेतमजूर, सालगडी आणि ऊसतोड कामगार यांच्याभोवती झालेले आहे. रस्त्याकडेच्या उपाहारगृहातील आचारी, वाढपी आणि मोरीवर भांडी घासणारा कामगार या लेखनात क्वचितच आढळतो. त्यास कारणही आहे. सहा-सात माणसांच्या हॉटेलात संघटना नसते, संप नसतो आणि जतन केलेले दप्तरही नसते. असते ती गल्ल्याजवळची हजेरीची वही. कोणाचे किती खाडे झाले आणि कोणाच्या अंगावर किती उचल आहे, एवढेच तीत लिहिलेले असते. या वहीतील हिशेबाचा कालक्रम कोठून आला आणि वहीत कधीच न चढणाऱ्या बख्शिशीचे वाटे कोणत्या न्यायाने पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीड तालुक्यातील चौसाळा हे बालाघाटाच्या परिसरातील बाजारपेठेचे गाव आहे. 2009 च्या निवडणुकीपूर्वी विधानसभेचा एक मतदारसंघही या नावाने ओळखला जात असे. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक 211, नव्या क्रमांकनानुसार 52) हा या गावाच्या अर्थव्यवहाराचा कणा होय. बीडकडून उस्मानाबाद (आजचे धाराशिव), तुळजापूर आणि सोलापूरकडे जाणारी वाहतूक याच मार्गाने होते. नवरात्रात तुळजापूरच्या भाविकांची भर पडते. लहान उपाहारगृहाचा गल्ला महिन्याच्या तारखेवर चालत नाही. तो बाजाराचा दिवस, लग्नसराई, यात्रा आणि ऊसहंगाम यांवर चालतो. पगार मात्र महिन्याचा ठरलेला असतो. येथूनच सारा गुंता सुरू होतो.

ग्रामीण मराठवाड्यात मासिक पगार ही कल्पना मुळातच नवी आहे. बलुतेदाराचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यरूपाने मिळे. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरे आणि पुढच्या पाडव्याला संपे. रोजंदाराची मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशी चुकती होई. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर सरकारी हजेरीपट आला, तरी मजुराच्या मनातील मोजमाप आठवड्याचेच राहिले. या सर्वांवर मात केली ती उचल या प्रथेने. राज्यातील ऊसतोड कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठा बीड जिल्ह्यातून होतो. साखर कारखान्याचा मुकादम हंगामापूर्वी जोडप्याला, म्हणजेच एका कोयत्याला, ठोक रक्कम आगाऊ देतो आणि ती पुढे तोडणीतून फेडून घेतो. येथे वेतन कामानंतर येत नाही. आधी वेतन येते आणि मग काम त्याचा पाठलाग करते.

हॉटेलमालकाला माणसे मिळवायची ती याच श्रमबाजारातून. दसरा-दिवाळीच्या सुमारास एकीकडे यात्रेकरूंची गर्दी आणि दुसरीकडे मुकादमाची उचल, अशा कात्रीत तो सापडतो. चांगला भट्टीवाला टिकवायचा तर त्यालाही काही रक्कम आधी मोजावी लागते. परिणामी पगाराची तारीख नावापुरती उरते. मुलीचे लग्न, बियाणे, दवाखाना अशा निमित्तांनी रक्कम उचलली जाते आणि महिनाअखेरीस हाती येते ती केवळ बाकी. ही प्रथा निव्वळ पिळवणूक म्हणून निकालात काढता येत नाही, कारण पतपुरवठ्याचे दुसरे दार बंद असलेल्या कुटुंबाला तीच तारते. परंतु उचल अंगावर असेपर्यंत कामगाराला काम सोडता येत नाही, हेही तितकेच खरे.

या व्यवहाराकडे कायद्याचे लक्ष फार उशिरा गेले. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, 1948 मध्ये उपाहारगृहांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. पण तो प्रारंभी परिशिष्टात नमूद केलेल्या शहरांपुरता होता. त्या वर्षी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला 1956 मध्ये. पन्नाशीच्या दशकात जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईत हॉटेल कामगारांची संघटना बांधली. तिचे लोण महामार्गावरील ढाब्यांपर्यंत पोहोचले नाही. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबे व चहाच्या टपऱ्यांवर कामाला ठेवण्यास मनाई झाली. तोपर्यंत टेबल पुसणाऱ्या पोऱ्याचा पगार अनेकदा त्याच्या हाती न पडता वडिलांच्या हाती पडे. महाराष्ट्राच्या 2017 च्या नव्या दुकाने अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना आपल्या मुख्य कक्षेबाहेर ठेवल्या. चौसाळ्यासारख्या गावातील बहुतेक हॉटेले याच मापाची. किमान वेतनाला मात्र संख्येची अशी सूट नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या वेतन संहिता, 2019 नुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, काम सुटल्यास दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो आणि आगाऊ रकमेसह सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक कापता येत नाही. ही अखेरची मर्यादा उचलीच्या वर्मावर बोट ठेवणारी आहे. पण गल्ल्याजवळच्या वहीत तिच्यासाठी रकाना नाही.

बख्शिशीचा इतिहास याहून सूक्ष्म आहे. शब्द फारसी, त्यात दात्याचा मोठेपणा आणि घेणाऱ्याचे मिंधेपण दोन्ही सामावलेले. बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या बशीत गिऱ्हाईक काही नाणी ठेवते. ती कोणाची? वाढप्याच्या मते त्याची, कारण हसून वाढले त्याने. आचाऱ्याच्या मते भाजीला चव होती म्हणून ती मिळाली. मोरीवाल्याचे म्हणणे कोणी विचारत नाही, कारण गिऱ्हाइकाने त्याला पाहिलेलेच नसते. म्हणून अनेक ठिकाणी सर्वांची बख्शीस एका डब्यात टाकून तिचे वाटे करण्याची रीत पडली. वाढप्याला पूर्ण वाटा, इतरांना अर्धा किंवा पाव अशी ही उतरंड पाहिली की बलुतेदारीतील थोरली, मधली आणि धाकटी ओळ आठवल्याशिवाय राहत नाही. तेथेही वाटा श्रमाच्या मापाने कमी, दर्जाच्या मापाने अधिक ठरत असे. (महामार्गावर उलटी बख्शीसही नांदते. गाडी थांबवणाऱ्या चालक-वाहकाला मालक स्वतः फुकट जेवण देतो. ही रक्कम कोणाच्या वाट्यातून जाते, हा प्रश्न अजून कोणी मांडलेला नाही.)

बख्शीस हे वेतन आहे काय, याचा खल मोठ्या हॉटेलांच्या निमित्ताने न्यायालयांत झाला. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ग्राहकांकडून जमवून कामगारांत वाटलेल्या रकमेला मालकाने दिलेले वेतन मानले नाही. 2016 मध्ये आयटीसीच्या प्रकरणात प्राप्तिकराच्या अंगाने हाच मुद्दा आला. कार्डाने दिलेली बख्शीस मालकाच्या खात्यात आली तरी तो ती कामगारांच्या वतीने, विश्वस्त म्हणून धारण करतो, असे न्यायालयाने म्हटले. ब्रिटनने तर बख्शिशीच्या न्याय्य वाटपासाठी 2023 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला.

पंचतारांकित हॉटेलातील हा वाद आता चौसाळ्याच्या रस्त्यावर येऊन पोहोचला आहे, तो मोबाइलच्या मार्गाने. 2016 मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर गल्ल्यावर चौकोनी कोड चिकटवले गेले. दोनशे ऐंशीचे बिल झाले असता गिऱ्हाईक तीनशे पाठवते आणि उठून जाते. पूर्वी हे वीस रुपये बशीत पडत, वाढप्याच्या नजरेसमोर. आता ते थेट मालकाच्या बँक खात्यात जातात आणि दिवसाच्या विक्रीत मिसळतात. मालक प्रामाणिक असला तरी रात्री हिशेब करताना त्यातली बख्शीस वेगळी काढण्यासाठी प्रत्येक बिल आणि प्रत्येक जमा रक्कम ताडून पाहावी लागते. सोळा तास उभा राहिलेला माणूस ते करील, अशी अपेक्षा धाडसाची ठरेल. काही वाढपी यावर उपाय म्हणून स्वतःचा कोड पुढे करतात. तेव्हा पैसे योग्य हाती पडतात खरे. पण डबा मोडतो आणि मोरीवाल्याचा तो पाव वाटाही त्याबरोबर जातो.