माजघरातली ओल आणि सिसेरोचे साप

मागच्या महिन्यात, म्हणजे ऐन मे महिन्यात, गावचं घर बघायला गिऱ्हाईक आलं. मुंबईचं तिशीतलं जोडपं, दोघंही नोकरी करणारी. शनिवार-रविवारी येऊन राहायला कोकणात एक जुनं घर हवं, असं त्यांचं कित्येक दिवसांचं मनात होतं. आमचं घर त्यांना बघताक्षणी आवडलं. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, ओटीवरचा झोपाळा. मुलीनं झोपाळ्याच्या कड्यांना हात लावून विचारलं, "हा पण मिळणार ना?" आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुलानं मात्र शहाण्यासारखा प्रश्न विचारला, "लीकेज वगैरे काही?"

दादा म्हणाला, "कौलं गेल्याच वर्षी शाकारून घेतली आहेत."

हे शंभर टक्के खरं आहे. फक्त आमच्या घरात पाणी वरून येतच नाही. घराची मागची बाजू डोंगराला टेकलेली आहे. आषाढ लागला की माजघराची मागची भिंत कमरेपर्यंत ओली होते आणि श्रावणात जमीनच पाझरायला लागते. लहानपणी आम्ही तिथे गोणपाटं टाकायचो आणि ती पिळून पुन्हा टाकायचो. मे महिन्यात तीच जमीन पापडासारखी कोरडी असते. त्यात दादानं एप्रिलमध्ये सगळ्या घराला रंग दिलेला. (मुद्दाम नाही, हे मी मान्य करते. दादा, वाचतोयस ना? चिडू नकोस.)

रात्री जेवणं झाल्यावर वाद झाला. दादाचं म्हणणं, "त्यांना डोळे आहेत. सगळं घर फिरून बघितलं. मी एक शब्द तरी खोटा बोललो का?" आत्या म्हणाली, "विचारायला आधी ठाऊक तर हवं ना रे त्यांना!" मी काहीच बोलले नाही. दुपारी ते दोघं माजघरात उभे होते तेव्हाही मी तिथेच होते आणि तेव्हाही काही बोलले नव्हते.

गंमत अशी की हाच वाद, जवळजवळ याच शब्दांत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. रोममधल्या सिसेरोनं. इ.स.पू. ४४ मध्ये मार्च महिन्यात सीझरचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या शरदात, राजकारणातून बाजूला पडलेल्या सिसेरोनं अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी 'कर्तव्यांविषयी' नावाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एक उदाहरण घेतो. एक भला माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, पण लोकांना ते निरोगी वाटतं. खोल्याखोल्यांतून साप निघतात. लाकूड हलक्या प्रतीचं आहे आणि घर पडायला आलंय. हे मालकाशिवाय कोणालाच माहीत नाही. न सांगता त्यानं चांगल्या किमतीला विकलं तर तो अन्याय झाला का?

यावर दोन तत्त्वज्ञांची जुंपते. एक बॅबिलोनचा डायोजेनिस (पिंपात राहणारा तो वेगळा) आणि दुसरा त्याचाच शिष्य, टार्ससचा अँटिपेटर. अँटिपेटर म्हणतो, हे तर वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखं झालं. उलट त्याहून वाईट, कारण इथे तुम्ही समोरच्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावताय. डायोजेनिस म्हणतो, घ्या म्हणून तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली? तुम्ही आपल्या अकलेनं बघून घेतलंत. मालकानं काय, 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी पिटायची?

म्हणजे आमचा दादा डायोजेनिस आणि आत्या अँटिपेटर. सापाचं तर विचारूच नका, आमच्या माळ्यावर दरवर्षी धामण असते. आजी तिला घराची राखण म्हणायची. सिसेरोला ते पटलं असतं असं वाटत नाही. :-)

सिसेरो स्वतः आत्याच्या बाजूचा. आपल्याला माहीत असलेली गोष्ट, समोरच्याला ती कळणं गरजेचं असताना, स्वतःच्या फायद्यासाठी लपवणं हे भल्या माणसाचं काम नाही, असा त्याचा निकाल. हा माणूस हस्तिदंती मनोऱ्यात बसून लिहीत नव्हता बरं का. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यानं आपला मित्र ॲटिकस याला पत्रातून कळवलंय की माझे दोन गाळे कोसळले, बाकीच्यांना भेगा पडल्यात, आणि भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा सोडून गेले. पुढे वर हेही लिहितो की एका जाणकाराच्या सल्ल्यानं नवं बांधकाम असं करायचं चाललंय की या नुकसानीतून फायदाच व्हावा. आपल्याकडच्या रीडेव्हलपमेंटवाल्यांनी या पत्राची फ्रेम करून लावायला हरकत नाही.

याच ग्रंथात एक गोष्ट आहे. ती वाचल्यावर मी मोठ्यांदा हसले होते आणि मग एकदम गप्प झाले होते. कानियस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिराक्यूजला गेला आणि तिथे एखादी छोटी बागाईत घ्यावी म्हणून विचारपूस करू लागला. पिथियस नावाच्या सावकारानं ते ऐकलं. विकायची नाहीये हो, म्हणाला, पण उद्या जेवायला या. मग त्यानं गावातले मासेमार बोलावले आणि उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा असं सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कानियस येतो तो काय, समोर होड्यांची ही गर्दी! जो तो आपली मासळी आणून पिथियसच्या पायाशी ओततोय. "एवढे मासे?" "अहो, सिराक्यूजचे सगळे मासे इथेच मिळतात, या जागेवाचून या लोकांचं चालत नाही." कानियसनं सांगितलेल्या किमतीला, सामानासकट बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना बोलावलं, तर पाण्यात एक होडी नाही. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांची सुट्टी आहे का? शेजारी म्हणाला, माझ्या माहितीत तरी इथे कोणी मासे धरत नाही, म्हणून तर काल मला नवल वाटलं.

गप्प झाले, कारण २००४ साली पुण्याच्या एका उपनगरात आम्ही फ्लॅट घेतला तो रविवारी बघून. हिरवंगार लॉन, मधोमध कारंजं, सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममध्ये धो धो पाणी. राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात नळ कोरडे. वॉचमनला विचारलं, "आज पाणी सुटलं नाही का?" तो म्हणाला, "मॅडम, इथं लाइनचं पाणी कधीच नव्हतं. रविवारी पार्टी बघायला यायची तेव्हा टँकर मागवायचे." सिराक्यूजचा तो शेजारी आणि आमचा वॉचमन, दोघांच्या आवाजात तोच साधेपणा. कानियस चिडला, पण करतो काय! अशा फसवणुकीविरुद्ध दाद मागायची तरतूद सिसेरोचा मित्र आणि सहकारी अक्विलियस गॅलस यानं केली, ती नंतर. आम्ही तर दाद मागायलाच गेलो नाही. टँकरची वर्गणी भरत राहिलो.

रोमन कायदा कसा सरकत गेला तेही सिसेरो सांगतो. जुन्या 'बारा पाट्यां'च्या कायद्यात विकणाऱ्यावर जबाबदारी होती ती तोंडानं जे सांगितलं असेल तेवढ्याचीच. सांगितलेलं नाकारलं तर दुप्पट दंड. पुढच्या कायदेपंडितांनी त्यात भर घातली की जाणूनबुजून गप्प बसणंही दंडाला पात्र. त्याला दाखला केंतुमालसच्या खटल्याचा. या केंतुमालसचं केलियन टेकडीवर घर होतं. पक्ष्यांवरून शकुन बघणाऱ्या पुरोहितांना आकाश मोकळं दिसायला हवं, त्याला हे घर आड येत होतं. त्यांनी उंच भाग पाडायचा हुकूम दिला. केंतुमालसनं काय करावं? घर विकायला काढलं. लानारियसनं घेतलं, त्यालाही तोच हुकूम आला, त्यानं निमूटपणे पाडलं. मग कळलं की हुकूम आधीच्या मालकाला आधीच मिळालेला होता. न्यायनिवाडा केला मार्कस केटोनं (प्रसिद्ध धाकट्या केटोच्या वडिलांनी): विकताना माहीत होतं आणि सांगितलं नाही, तेव्हा नुकसान भरून द्या. पक्ष्यांच्या जागी महापालिकेची नोटीस घाला, आजच्या पेपरातली बातमी होईल.

याला एक मजेशीर उलटी बाजूही आहे. सिसेरोचा एक नातेवाईक, ग्राटिडियानस, यानं ओराटा नावाच्या माणसाला घर विकलं. त्या घरावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क होता आणि तो विकताना सांगितला नाही. पण हेच घर काही वर्षांपूर्वी ओराटानंच ग्राटिडियानसला विकलेलं! ज्याला ठाऊकच आहे त्याला काय सांगायचं, असा बचाव कोर्टात झाला. रोमच्या दोन नामांकित वकिलांनी, क्रॅसस आणि अँटोनियस यांनी, हा खटला लढवला.

हे सगळं लांबचं वाटेल. पण आपल्याकडचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उघडा. इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये मुळात तत्त्व होतं, घेणाऱ्यानं आपलं बघून घ्यावं, म्हणजे दादाचंच. इंग्रजांनी इथे कायदा लिहिला तो मात्र त्याहून वेगळा. कलम ५५ मध्ये विकणाऱ्याच्या कर्तव्यांत पहिलंच हे आहे की मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला असा महत्त्वाचा दोष सांगायचा, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्यानं सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता. करारात काही वेगळं ठरलं नसेल तर, अर्थात. आणि हे न सांगणं म्हणजे लबाडी, असंही कलमाच्या शेवटी स्पष्ट आहे. ओराटाची सोय आहे बघा त्यात: घेणाऱ्याला माहीत नसेल तरच. डायोजेनिसचीही आहे: सर्वसाधारण काळजी घेतली असती तर दिसलं असतं ते सांगायला विकणारा बांधील नाही. (नव्या बांधकामांसाठी २०१६ चा रेरा कायदा आणखी पुढे गेला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. आम्हाला २००४ मध्ये याचा काय उपयोग! असो.)

तर सगळा वाद येऊन अडतो तो 'सर्वसाधारण काळजी' या दोन शब्दांपाशी. ती म्हणजे नेमकी किती?

आमचे आजोबा लाकूड ठोकून बघायचे. कोयत्याची उलटी बाजू वाशावर मारली की भरीव लाकूड टणक वाजतं, वाळवीनं पोखरलेलं भद्द वाजतं. घर आधी लांबून, अंगणाच्या टोकाला उभं राहून बघायचं, म्हणजे आढं मधे झुकलंय का ते कळतं. जवळ गेल्यावर कळत नाही. भिंतीच्या पायथ्याशी मिठासारखी पांढरी पूड दिसली की समजायचं, पाणी चढतंय आणि वाळताना क्षार मागे ठेवतंय. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढून घेतो. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर त्या भिंतीकडे जरा जास्त वेळ बघायचं. सिमेंटच्या इमारतीत हे सगळं बदलतं. तिथे आतली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर काढतो. इंजिनिअर लोक भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. काही आठवड्यांनी काच तडकली असेल तर भेग अजून वाढतेय. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात घराला बोलायला वेळ दिलेला असतो. जुना फ्लॅट घेणार असाल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. सेक्रेटरी 'बघतो' म्हणाला की तेही एक उत्तरच.

पण आमच्या घराला यातलं काही लागू पडत नाही. लाकूड सागाचं, आजही टणक वाजतं. आढं सरळ. पांढरी पूड एप्रिलमध्ये खरवडून वर रंग बसलाय. मे महिन्यात कुठलाही इंजिनिअर आणला असता तरी त्यानं घर पास केलं असतं. आजी म्हणायची, विहीर वैशाखात बघावी आणि घर श्रावणात. हे कोकणातल्या माणसाला सर्वसाधारण काळजीत मोडतं. मुंबईत सातव्या मजल्यावर वाढलेल्या पोराला मोडतं का? मला नाही वाटत. आणि त्या दिवशी खोटं कोणी बोललं नाही हे खरंच, पण त्या मुलानं पाण्याबद्दल विचारलं आणि आम्ही तिघांनी कौलांबद्दल उत्तर दिलं. दादा बोलला एवढंच, उत्तर तिघांचंही होतं.

मागच्या आठवड्यात मी त्या दोघांना फोन केला. विसार देण्याआधी एकदा पावसात येऊन जा, माजघरात पाणी येतं, मागे चर खणून ते बरंच कमी करता येईल पण खर्च आहे, असं सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मुलगी म्हणाली, "किती येतं?" मी म्हटलं, "बघूनच ठरवा."

दादाला त्याच रात्री सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "किंमत पडली तर तुझ्या वाट्यातून." म्हटलं, बरं. तेवढ्यावर ते मिटलंय का, मला अजून कळलेलं नाही. फोन वहिनीनं घेतला आणि आंब्याच्या साटांबद्दल बोलत राहिली.

ते दोघं जुलैच्या दुसऱ्या रविवारी येणार आहेत. आत्या आदल्या दिवशी पुढे जाऊन घर उघडणार आहे. तिनं मला बजावून ठेवलंय, पिठल्याचं सामान आण, आणि त्या दिवशी गोणपाटं मी माळ्यावरून काढणार नाही.