नळाचा करार

मुंबईचं पाणी खासगी कंपनीच्या हाती द्यावं की नाही, यावरून 2006-07 साली जोराचं भांडण झालं, तेव्हा मी जोगेश्वरी पूर्वेला राहत होतो. म्हणजे नेमका महापालिकेच्या के-पूर्व विभागात, जिथे हा प्रयोग करायचं घाटत होतं. जन्म मात्र गिरगावातल्या मुगभाटातला, त्यामुळे त्या भांडणात मला एक गोष्ट सारखी खटकायची. विरोधातले असोत की बाजूचे, सगळे असंच बोलायचे की मुंबईचं पाणी पहिल्यापासून सरकारी होतं आणि आता ते कुणी तरी पळवून नेणार. पहिल्यापासून ते सरकारी नव्हतंच.

1860 पूर्वीची मुंबई विहिरींवर, तळ्यांवर आणि पाणक्यांच्या पाठीवर जगत होती. विहीर ज्याच्या वाडीत त्याची. तळी बहुतेक दानशूरांनी बांधलेली. सी. पी. टँक हा आज नुसता बसथांबा वाटतो, पण ते कावसजी पटेलांचं तळं. चर्चगेटजवळची भिका बहरामची विहीर 1725 ची, ती अजून आहे. आमच्या मुगभाटाशी तर फ्रामजी कावसजी बनाजींचं नाव जोडलेलं. या पारशी व्यापाऱ्याने 1830 च्या सुमारास तिथल्या आपल्या बागेत विहिरी खणल्या, वाफेचं यंत्र बसवलं आणि नळ टाकून पाणी ‘नेटिव्ह टाउन’मधल्या तळ्यांपर्यंत नेलं. पदरचे पैसे घालून. आता अशा माणसाला आपण काय म्हणणार? खासगी क्षेत्र? धर्मादाय? त्या काळी हा प्रश्नच कुणाला पडला नसावा.

पण दानाला मर्यादा असते. लोकवस्ती पाच लाखांच्या पुढे गेली, आणि 1850 च्या दशकात पाऊस दगा देऊ लागला. एका उन्हाळ्यात गुरं माहीमकडे हाकलावी लागली. होड्यांतून आणि नव्या आगगाडीतून पाणी आणून ते शहरातल्या विहिरींत ओतावं लागलं. विहिरीत पाणी ओतायची वेळ येते तेव्हा दानशूर काय करणार? अखेर सरकारने हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेवरून मिठी नदीच्या उगमापाशी विहारचा बंधारा घातला आणि 1860 साली शहरात नळाचं पाणी आलं. त्याचं कर्ज मात्र नगरपालिकेच्या माथी मारलं, आणि ते कुणी किती फेडायचं यावर पुढे बरीच वर्षं पत्रापत्री चालली.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी. हे साहेब लोक मुंबईत सार्वजनिक पाणी बांधत होते, तेव्हा त्यांचं लंडन खासगी कंपन्यांकडूनच पाणी विकत घेत होतं. आठ कंपन्यांनी शहर वाटून घेतलेलं होतं. त्यांची मक्तेदारी मोडून लंडनचं पाणी सार्वजनिक मंडळाकडे यायला 1904 साल उजाडावं लागलं. 1989 मध्ये थॅचरबाईंनी ते पुन्हा विकलं, आणि तेच शहाणपण पुढे जागतिक बँकेच्या सल्ल्यात गुंडाळून आपल्याकडे आलं. मुंबई या एका बाबतीत लंडनच्या चाळीसेक वर्षं पुढे होती, हे आपण विसरून गेलो.

विहार पुरेना म्हणून तुळशी (1879), मग 1892 साली तानसा. तलावांची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही असते, ती मी लांबवत नाही. मला महत्त्वाची वाटते ती नळ आल्यानंतरची गोष्ट. विहिरी बंद करण्याची.

1911 च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. डास विहिरींत वाढतात, तेव्हा विहिरी बुजवा नाहीतर घट्ट झाका, असा त्याचा मथितार्थ. महापालिका कामाला लागली आणि शहरात कल्लोळ झाला. पारशांना विहीर पूज्य, हिंदूंना पूजेला आणि सोवळ्याला विहिरीचंच पाणी हवं, जैनांचे आपले नियम. शेवटी तडजोड निघाली, धर्मकार्यासाठी झाकणात जाळीचं लहान दार ठेवायची. आमच्या वाडीतल्या विहिरीलाही असं दार होतं. आजी त्यातून कळशीभर पाणी काढायची आणि म्हणायची, “आमची विहीर घेतली त्यांनी, नि बदल्यात नळ दिलाय.”

आजी कायदा शिकलेली नव्हती, पण तिने जो हिशेब मांडला तो मला कुठल्याच अहवालात सापडला नाही. लोकांनी आपलं स्वतःचं पाणी महापालिकेच्या हुकमाने सोडलं, आणि महापालिकेने बदल्यात नळ देण्याची जबाबदारी घेतली. हा करार कागदावर नाही. पण शंभर वर्षं दोन्ही पक्षांनी तो पाळला.

हाच करार के-पूर्वच्या प्रकरणात पणाला लागला. तिथे कॅस्टालिया नावाची न्यूझीलंडकडची सल्लागार संस्था आली, पैसा जागतिक बँकेशी निगडित निधीतून. अंधेरी, जोगेश्वरी, पार्ले पूर्व, लोकसंख्या आठ लाखांच्या घरात. गळती आणि चोरी थांबत नाही, म्हणून व्यवस्थापन खासगी हातात द्यावं, असा रोख. गळती खोटी नव्हती. शहराच्या पाण्याचा चौथा हिस्सा तरी वाटेत जिरतो, हे महापालिकाही नाकारत नाही. पण पाणीखातं काही बुडीत निघालेलं नव्हतं, आणि कुठल्या गल्लीत कुठली चावी किती आटे फिरवायची हे चावीवाल्याच्या डोक्यात असतं, नकाशावर नसतं. सभांमध्ये लोकांनी एकच धरून ठेवलं: खासगीकरण आधीच ठरलंय का, ते सांगा. संघटना, रहिवासी, कामगार सगळे उठले आणि योजना बारगळली.

आम्ही जिंकलो, असं त्या वेळी वाटलं. पण जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या झोपड्यांत हा विजय पोचला नाही, कारण तिथे नळच नव्हता. 1996 च्या सरकारी परिपत्रकाने 1995 नंतरच्या झोपड्यांना नळजोडणी नाकारली होती. त्या माणसांसाठी पाण्याचं खासगीकरण कधीच झालेलं होतं. कुणाच्या तरी नळाला पाइप लावून, ड्रममागे पैसे मोजून ते पाणी घ्यायचे, आणि दर लिटरमागे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त द्यायचे. कॅस्टालियाच्या विरोधात घोषणा देणाऱ्या आमच्या सोसायट्यांपैकी किती जणांनी याबद्दल आवाज उठवला? पाणी हक्क समितीने तो उठवला, आणि डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी.

तोवर विहिरीही परतल्या होत्या, वेगळ्या धन्यांकडे. 2019 मध्ये काळबादेवीच्या एका इमारतीतल्या विहिरींतून वर्षानुवर्षं पाणी उपसून टँकरवाल्यांना विकल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. एप्रिल 2025 मध्ये विहीरमालकांना भूजलाचा परवाना आणा म्हणून नोटिसा गेल्या, तेव्हा टँकरवाल्यांनी संप केला. सोसायट्या, हॉटेलं, बांधकामं अडली. महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा लावून टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची तयारी केली. मग संप मिटला, आणि टँकर पुन्हा धावू लागले.