मासेमारी नौकेचा डेक बदलताना साहित्य कसे निवडावे?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून नौकेच्या श्रेणीवाढीसाठी अर्ज करत असाल (अर्थसाहाय्य सर्वसाधारण गटाला ४० टक्क्यांपर्यंत, अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत), तर डेकचे साहित्य अंदाजपत्रकात स्पष्ट लिहून घ्या. नुसते ‘वॉटरप्रूफ प्लाय’ पुरेसे नाही; मरीन प्लायवुडवर आयएस ७१० हा क्रमांक पाहा. कापलेल्या कडा व स्क्रूची भोके रेझिनने बंद करून घ्या. पाणी बहुधा तिथूनच शिरते आणि वरचे फायबर चकचकीत असतानाच आतले लाकूड कुजू लागते.

मासळी हाताळण्याच्या जागी उघडे लाकूड नको, त्यात रक्त मुरते. तिथे फायबरचा थर द्या; पण ओल्या, गुळगुळीत फायबरवर जाळे ओढताना पाय घसरतो, म्हणून वरच्या थरात बारीक वाळू मिसळा. मासळीचा खण मात्र आतून गुळगुळीतच ठेवा, म्हणजे धुता येतो. मंजुरीपूर्वी काम सुरू करू नका.